निवडुंगाची जलसमाधी

बीड जिल्ह्यात झाडं मरतात ती पाण्यावाचून. मोसंबीच्या बागा गेल्या त्या पाण्यावाचून, आंबे वठले ते पाण्यावाचून आणि मुलीकडचे लोक घर बघून, चहा पिऊन, रांजणात डोकावून परत गेले तेही पाण्यावाचूनच. अशा जिल्ह्यात पाणी जास्त झालं म्हणून झाड मेल्याची नोंद कुणी ठेवत असेल, तर त्या वहीत एकच नाव सापडेल. माझं. आणि मेलेलं झाड कुठलं? निवडुंग.

मी घाटनांदूरचा. अंबाजोगाई तालुका, बालाघाटाची डोंगररांग, लातूर रोडहून परळीला जाणाऱ्या लोहमार्गावरचं आमचं स्टेशन. आमच्या एका अंगाला परळी. तिथलं औष्णिक वीज केंद्र २०१५ साली पाणी नाही म्हणून बंद पडलं होतं. दुसऱ्या अंगाला लातूर. त्या शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. या दोन गावांच्या मधोमध बसून मी एका काटेरी गोळ्याला तांब्यातांब्यानं पाणी पाजलं आणि बुडवून मारलं. हा पराक्रम सोपा नाही. त्याला चिकाटी लागते.

सुरुवात पुण्यात झाली. आमच्याकडच्या बऱ्याच संकटांची सुरुवात तिथंच होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मुलाकडं गेलो होतो. सकाळी गॅलरीत फळीवर चिनी मातीचे कप ओळीनं मांडलेले दिसले. चष्मा आत राहिलेला. मला वाटलं, सूनबाईंनी चहा ठेवला. हात घातला आणि जो ओरडलो, तो समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले.

“बाबा, ती सक्युलंट्स आहेत!” मुलगा म्हणाला. “एकदम मेन्टेनन्स फ्री. लक्षच द्यावं लागत नाही.”

ज्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही तरी चालतं, अशा कुठल्याही गोष्टीचं वर्णन ऐकलं की निवृत्त माणसाला आपुलकी वाटते. त्याच संध्याकाळी मी नर्सरीत गेलो आणि तीन नग घेतले. एक मोसंबीएवढा, सोनेरी काट्यांचा गोळा, गोल्डन बॅरल, साडेतीनशे रुपये. एक हिरव्या दांड्यावर लाल टोपी घातलेला, अडीचशे. एक पोट सुटलेल्या खोडाचं अडेनियम, पाचशे. शिवाय ‘खास कॅक्टससाठी’ म्हणून मातीची एक पिशवी, एकशेवीस. निवृत्तीवेतनातून एवढी रक्कम मी धान्य सोडून इतर कशावर खर्च केल्याची हिला आठवण नाही. ती आता कायमची झाली.

येताना नांदेडकडं जाणाऱ्या गाडीत जनरल डब्यात बसलो. मांडीवर उघडं खोकं. कुर्डूवाडीला गर्दी चढली. आपल्याकडं तिघांच्या बाकावर चौथा माणूस ‘जरा सरका’ म्हणून बसतो आणि नंतर तोच खिडकीशी झोपलेला आढळतो. तसा एक गृहस्थ माझ्या शेजारी बसला. बसला तसा उठला. त्याच्या जागी दुसरा आला, तोही उठला. घाटनांदूरपर्यंत मी अर्ध्या बाकावर एकटा, पाय पसरून आलो. निवडुंगापासून मला झालेला हा पहिला फायदा. दुसरा अजून व्हायचा आहे.

शेजारी आमचे आबा राहतात. वय ऐंशीच्या आसपास, शेत गावाबाहेर आणि जीभ गावभर. खोकं ओट्यावर ठेवलं तेव्हा ते समोरच होते.

“हे काय आणलाव, सर?”

“कॅक्टस.”

“म्हंजे?”

“निवडुंग.”

आबांनी खोक्याभोवती बैल बघावा तशी एक फेरी मारली. “कितीला बसलं?”

मी गोल गोळ्याची किंमत सांगितली. बाकीच्या दोघांची सांगायची हिंमत झाली नाही. आबा ओट्यावर टेकले.

“माझ्या बानं बांधावरलं फड्या निवडुंग काढायला दोन गडी लावले होते. काढायचे पैसे दिले होते त्यानं. तुम्ही आणायचे दिलाव?”

मी विषय बदलावा म्हणून मातीची पिशवी पुढं केली. पिशवीवर तीन भाषांत मजकूर होता. आबांनी त्यातलं काही न वाचता चिमूटभर माती घेऊन बोटांत चोळली.

“ह्यो तर मुरूम हाय की. कोळशाची भुकटी टाकलेला.”

मुरूम! आमच्या गावात घराचा पाया खणला की मुरूम निघतो आणि तो उचलून नेणाऱ्याला लोक वर चहा पाजतात. मी तो पुण्याहून, रेल्वेनं, पैसे देऊन आणला होता. ही बातमी संध्याकाळपर्यंत स्टेशनावर पोचली. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एकानं अदबीनं विचारलं, “सर, पुढच्या खेपेला येताना गोवऱ्या आणता का थोड्या?”

अपमान झाला की माणूस अभ्यास करतो. मी ठरवलं, या विषयातला जाणकार व्हायचं. त्याची पहिली पायरी म्हणजे झाड ओळखणं. इथंच मराठी भाषेनं मला दगा दिला. तीस वर्षं मी ती शिकवली, पण ‘निवडुंग’ हा शब्द किती ढिला आहे ते कधी लक्षात आलं नव्हतं. जे जे टोचतं, फुगलेलं असतं आणि शेळीही तोंड लावत नाही, त्याला आपण निवडुंग म्हणतो. फड्या निवडुंग झालं, त्रिधारी निवडुंग झालं, की झालं. शास्त्रज्ञांच्या मते मात्र हे दोघं एकमेकांच्या सोयरिकीतही बसत नाहीत. फड्या हा खरा कॅक्टस. दीड हजारांवर जातींचं हे कूळ मुळात अमेरिका खंडांतलं. त्यातली एकच जात आफ्रिकेत आणि श्रीलंकेत आपणहून उगवलेली सापडते. बाकी सगळे जहाजानं आलेले. त्रिधारी आणि कुंपणाला लावतात तो शेर हे युफोर्बिया, म्हणजे पार वेगळं घराणं. नाताळात कुंडीत दिसणारा लाल पानांचा पॉइनसेटिया त्यांचा भाऊबंद. घायपात आणखी तिसऱ्याच घरातलं आणि कोरफड तिच्या माहेरची वेगळीच.

ओळखायची खूण सोपी आहे, असं वाचलं होतं. खऱ्या कॅक्टसचा काटा थेट अंगातून निघत नाही. लोकरीची बारीक टिकली असते, तिला अरिओल म्हणतात, तिच्यातून काट्यांचा झुबका निघतो. युफोर्बियाला ती टिकली नसते. त्याला जरा टोचलं की दुधासारखा चीक येतो. झालं! मी सुई घेतली आणि दिसेल त्याला टोचत सुटलो. आपल्या अंगणातलं, आबांच्या अंगणातलं, शाळेच्या कुंपणातलं, काही सोडलं नाही. पोलिओच्या मोहिमेतसुद्धा गावात एवढं शिस्तीत काम झालं नसेल. शेराच्या कांडीला टोचलं, चीक आला, शास्त्र सिद्ध झालं. त्या आनंदात मी कपाळावरचा घाम पुसला. त्याच हातानं. तो घाम डोळ्यात उतरला.

पुढचे दोन तास मी कुणाला ओळखत नव्हतो. झाडांना तर नाहीच. बादलीभर पाण्यानं डोळा धुऊन, तोंडाला टॉवेल लावून अंबाजोगाईच्या डॉक्टरांकडं गेलो.

“काय झालं?”

“शेराचा चीक.”

“शेताला कुंपण करत होता?”

“नाही. ओळख पटवत होतो.”

डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घातले आणि हिला बाजूला घेऊन विचारलं, “यांना घरात कुणी कामं सांगत नाही का?”

मग मुलानं फोनवर झाड ओळखणारं एक ॲप टाकून दिलं. झाडाचा फोटो काढला की ते नाव सांगतं. सांगतं म्हणजे काय, आमच्या अडेनियमला त्यानं सकाळी एक नाव दिलं, दुपारी दुसरं आणि संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर ‘बटाटा’ म्हणालं. एकदा कुंडीचा फोटो काढताना आबा मागं वाकून बघत होते. त्यांचा पांढरा पटका चौकटीत आला.

“काय म्हणतंय?” आबांनी विचारलं.

“अळंबी म्हणतंय, आबा.”

“खायची का?”

“विषारी म्हणतंय.”

हे ऐकून आबांच्या सूनबाई घरातून पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या. मशीनमध्ये काहीतरी तथ्य असावं, असं त्या अजून म्हणतात.

अर्धवट ज्ञान झालं की ते पोटात राहत नाही. माझं बाहेर पडलं ते नेमकं श्रावणातल्या एका रात्री. मागच्या आळीतल्या काकूंकडं ब्रह्मकमळाला एका वेळी सात फुलं येणार होती. ब्रह्मकमळ म्हणजे काय मान! दुपारपासून निरोप फिरत होते. रात्री दहाला अंगणात सतरंजी पडली. कुंडीला हळदकुंकू, समोर निरांजन, साखरेचा नैवेद्य. बायका भजन म्हणत होत्या, पोरं झोपेत पेंगत होती आणि प्रत्येक जण मोबाईल उंच धरून पाकळ्या उलगडायची वाट बघत होता. अकराच्या सुमाराला फुलं उमलली. दुधासारखी पांढरी, ताटलीएवढी, अंगणभर वास. काकूंचे डोळे भरून आले. “साक्षात ब्रह्मदेव उतरल्यासारखं वाटतं, नाही?”

आणि मी म्हणालो, “काकू, हे निवडुंग आहे.”

टाळ थांबले.

शहाण्या माणसानं इथं थांबावं. मी मास्तर. मी पुढं समजावून सांगितलं, की हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. हे खऱ्या कॅक्टसच्या कुळातलं. आपण ज्याला पान म्हणतो ते पान नाहीच, चपटं झालेलं खोड आहे, म्हणून तर फूल पानाच्या कडेतून निघाल्यासारखं दिसतं. खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर होतं, ते उत्तराखंडचं राज्यफूल आहे. आणि गंमत म्हणजे तेही कमळ नव्हे. ते सूर्यफुलाच्या कुळातलं.

“म्हणजे आम्ही इतकी वर्षं निवडुंगाला हळदकुंकू वाहतोय?” काकूंनी विचारलं.

“हो,” मी आनंदानं म्हणालो. वर्गात एखाद्याला गणित सुटलं की मला असाच आनंद व्हायचा.

त्या रात्री प्रसादाची साखर सगळ्यांना मिळाली. मला मिळाली नाही. घरी येताना ही एक शब्द बोलली नाही आणि दाराशी आल्यावर एकच वाक्य म्हणाली, “तुमच्या त्या साडेतीनशेच्या गोळ्याला ब्रह्मदेवाच्या घरचा करायला निघालात, पण ब्रह्मदेवाला निवडुंग करून आलात.” तेव्हापासून गावात माझं आडनाव बदललं. पोस्टमनसुद्धा हल्ली ‘काटेसर’ म्हणून हाक मारतो.

तोवर घरातल्या तीन नगांवर संकटं सुरू झाली होती. पहिला नंबर लाल टोपीवाल्याचा. ही टोपी म्हणजे फूल नव्हे, हे मला नंतर कळलं. तो स्वतंत्र कॅक्टस असतो. त्याच्यात हरितद्रव्य नसतं, त्यामुळं त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. म्हणून त्याला दुसऱ्या हिरव्या, राबणाऱ्या कॅक्टसच्या डोक्यावर कलम करून बसवतात. खालचा राबतो, वरचा मिरवतो. आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “यात नवीन काय? असले आपल्याकडं निवडून देतात.”

वाळवंटातलं झाड म्हणून मी त्याला मे महिन्यात गच्चीवर ठेवलं. नर्सरीत ते हिरव्या जाळीखाली, लाडात वाढलेलं. मेक्सिकोचं ऊन त्यानं जन्मात पाहिलेलं नव्हतं आणि मी त्याला थेट मराठवाड्याच्या उन्हात उभं केलं. चार दिवसांत टोपी भाजल्या वांग्यासारखी झाली. वाळवंटी झाडाला ऊन लागलं, हे मी गावात कुणाला सांगू शकलो नाही. आठवड्यानं टोपी गळून पडली. खालचा हिरवा दांडा मात्र एकदम टवटवीत झाला आणि बाजूनं फुटायला लागला. तो दांडा ड्रॅगन फ्रूटचा होता. म्हणजे तेही कॅक्टसच. आबांनी बघून निकाल दिला, “टोपी गेली, माणूस वाचला. चांगलं झालं.”

त्यानंतर पांढरा कापूस आला. गोल्डन बॅरलच्या काट्यांत कापसाचे बारीक पुंजके दिसायला लागले. पिठ्या ढेकूण. मला आठवलं, लहानपणी बांधावरच्या फड्यावर असाच कापूस असायचा आणि तो चिरडला की बोटं रक्तासारखी लाल व्हायची. हा लाल रंग देणारा कोचिनिल नावाचा किडा. त्याच्या रंगाच्या लोभानं कंपनी सरकारच्या काळात, १७९५ साली, तो ब्राझीलहून कलकत्त्याला आणला. निघाला चुकीच्या जातीचा. रंग बेताचा आणि भूक मात्र दांडगी. त्यानं एका जातीचं निवडुंग चाटून पुसून खाल्लं. पुढं १९२६ साली श्रीलंकेहून दुसऱ्या जातीचा किडा आणला, तो मात्र निवडुंग खाण्यासाठीच, आणि दक्षिणेतलं माजलेलं फड्या निवडुंग त्यानं आवरलं. ऑस्ट्रेलियात तर हेच निवडुंग कोट्यवधी एकरांवर पसरलं होतं. तिथं अर्जेंटिनाहून आणलेल्या एका पतंगाच्या अळीनं ते संपवलं आणि कृतज्ञ शेतकऱ्यांनी क्वीन्सलंडमधल्या बूनार्गा गावात त्या अळीच्या नावानं १९३६ साली सभागृह बांधलं. आमच्या गावात माणसाच्या नावानं सभागृह बांधायचं म्हटलं तरी तीन पिढ्यांची भांडणं उकरून निघतात. अळीच्या नावाला विरोध झाला नसता कदाचित. तिची जात कुणाला माहीत नसती.

माझा कापूस चिरडून मात्र काहीच लाल निघालं नाही. मी दात घासायच्या जुन्या ब्रशनं तो काढत बसलो. तो ब्रश जुना नव्हता, हे हिनं दुसऱ्या दिवशी सकाळी ओरडून कळवलं.

आता मुख्य घटना. गोल्डन बॅरलची.

हा गोळा दिसायला देखणा. त्याला जर्मन लोक ‘सासूची बैठक’ म्हणतात, ही माहिती मी एकदा जेवताना दिली. सासूबाई त्या दिवसांत आमच्याकडंच होत्या. त्यांनी भाजीचं पातेलं माझ्यापासून लांब सरकवलं, एवढंच.

पुण्याहून आणलेल्या मुरमाची गावात इतकी थट्टा झाली होती, की मी हट्टाला पेटलो. शेतकऱ्याच्या पोटचा मी. आबांना विचारून त्यांच्याच रानातली काळी, कसदार, लोण्यासारखी माती आणली आणि गोळा तिच्यात लावला. आबांनी एकदा “सर, मुरूम बरा होता” म्हटलं होतं. मी त्यांच्याकडं क्षमाशील नजरेनं पाहिलं. काळ्या मातीचा गुण कोण नाही जाणत? ती पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते. त्याच ओलीवर आमची रब्बीची ज्वारी निघते. कॅक्टसला मात्र नेमकं उलटं लागतं. पाणी घातलं की ते खालून निघून गेलं पाहिजे आणि मुळं परत खडखडीत कोरडी झाली पाहिजेत. पण हे मला काळी माती लावून झाल्यावर कळलं. ज्ञान माझ्याकडं नेहमी एक गाडी चुकवून येतं.

तरीही गोळा जगला असता. त्याला पंधरा दिवसांतून एकदा पाणी घालायचं, असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. मी ते नेमानं पाळलंही. फक्त आमच्या घरात गोळ्याला पाणी घालणारा मी एकटा नव्हतो, हे मला मृत्यूनंतरच्या चौकशीत कळलं.

ही सकाळी तुळशीला पाणी घालायची. तांब्यात घोटभर राहायचं. “तुळशीला घालायचं आणि शेजारी बसलेल्याला नाही, हे बरं दिसतं का?” म्हणून रोज तेवढं गोळ्याला. सासूबाई दुपारी तांदूळ धुतलेलं पाणी आणायच्या. “मुकं झाड आहे, मागतंय थोडंच.” आबांची नात संध्याकाळी खेळायला यायची, ती बाटलीतलं उरलेलं पाणी ओतायची, कारण त्याचं टक्कल तिला आजोबांसारखं दिसायचं. आबा स्वतः चूळ भरायचे ती तिथंच. आलेला पाहुणा हातपाय धुवायचा तो कुंडीशी. प्रत्येकाचं म्हणणं एकच, “घोटभरच घातलं.” या घरात टँकरच्या दिवसांत अंघोळीचं पाणी मोजून घेतलेलं आहे. भांडी घासलेलं पाणी झाडाला, झाडाचं उरलेलं म्हशीला, असा हिशेब आमच्या हाडात मुरलेला. पाणी जपून वापरायची सवय असलेल्या माणसाला पाण्याचं दान करण्याची संधी मिळाली, की तो हात आवरत नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्यावर माया केली.

वरून गोळा ठणठणीत दिसत होता. सोनेरी काटे चमकत होते. एक दिवस कुंडी फिरवावी म्हणून जाड टॉवेल घेऊन त्याला धरलं आणि तो अलगद हातात आला. वरचा भाग माझ्या हातात, खालचा कुंडीत, आणि मध्ये जे होतं त्याचा वास सांगण्यासारखा नव्हता. आबांना बोलावलं. त्यांनी काडीनं ढवळून पाहिलं.

“कुजलं. पाण्यानं.”

“पाण्यानं?” ही म्हणाली. “आपल्याकडं?”

मग एकेकाचे जबाब झाले. सगळ्यांचे घोट मोजले तर दिवसाला दोन तांबे भरले. आबा खूप वेळ गप्प बसले. शेवटी म्हणाले, “सर, अख्ख्या जिल्ह्यात असं मेलं नसंल कुणी.”

त्या रात्री मी गोल्डन बॅरलची आणखी माहिती वाचली. मेल्यावर माणसाचे गुण कळतात तसं. हे झाड जगभरच्या बागांत आहे, पण त्याच्या मूळ मुलखात ते दुर्मीळ झालेलं आहे. कारण? मेक्सिकोतल्या केरेतारो प्रांताच्या हद्दीवर १९९०च्या दशकात झिमापान नावाचं धरण झालं आणि याच्या वस्तीचा मोठा भाग त्या पाण्याखाली गेला. म्हणजे माझा गोळा धरणग्रस्त निघाला! जायकवाडी, कोयना, उजनी सगळी ऐकून माहीत होती, पण निवडुंगालाही गाव सोडावं लागतं हे ठाऊक नव्हतं. या कुळाला आधी धरणानं बुडवलं. त्यातून जे वाचले, त्यांच्यापैकी एकाच्या वंशजाला मी साडेतीनशे रुपये देऊन दुष्काळी भागात आणलं, की इथं तरी निश्चिंत राहा. आणि तांब्यानं बुडवलं.

उरलं अडेनियम. त्याला ‘वाळवंटी गुलाब’ म्हणतात, पण ते आहे आपल्या कण्हेरीच्या कुळातलं, विषारी चीकही तसाच. डिसेंबरात थंडी पडली तशी त्याची सगळी पानं गळाली. ते थंडीत झोपतं, हे पुस्तकात होतं, पण मी ते पान अजून उलटलं नव्हतं. आम्हाला वाटलं, हेही चाललं. सगळे तांबे घेऊन धावलो. झोपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतावं तसा प्रकार झाला. खोडाचं पोट मऊ लागायला लागलं तेव्हा आबांनी ते सरळ उपटलं, कुजलेली मुळं विळीनं कापली आणि झाड सावलीत फरशीवर टाकून दिलं.

“आठ दिवस हात लावायचा नाही. कुणीच.”

आठ दिवसांनी त्यांनी ते मुरमात लावलं. पुण्याच्या नव्हे, पायातून निघालेल्या, फुकटच्या. आणि मार्चअखेर आम्ही लेकीच्या बाळंतपणासाठी परभणीला गेलो. बावीस दिवस घराला कुलूप. ऊन तापलेलं, पाण्याचा थेंब नाही. परत येताना ही गाडीत म्हणाली, “आता तेही गेलं असणार.”

दार उघडलं तर अंगणात अडेनियम गुलाबी फुलांनी लदलेलं. मी छाती पुढं काढून आबांना हाक मारली. म्हणालो, “बघा! जमलं की नाही मला?”

आबांनी फुलांकडं पाहिलं, कुलपाकडं पाहिलं.

“तुम्ही नव्हताव म्हणून जमलं.”

मी हरियाणातल्या पंचकुला शहरात सात एकरांवर नुसत्या अशा झाडांची बाग आहे आणि लोक ती लांबून बघायला येतात, असं त्यांना तावातावानं सांगितलं. त्यांनी विचारलं, “मग माझ्या बांधाला तिकीट लावू का?” त्यांच्या बांधावर शेर आहे, घायपात आहे, फड्या आहे. पन्नास वर्षांत त्यांनी त्या बांधाला पाणी घातलेलं नाही, खत घातलेलं नाही, एवढंच काय, प्रेमानं बघितलेलंही नाही. मागच्या महिन्यात पुण्याहून मुलगा आणि त्याचे मित्र आले होते. माझ्या अंगणातल्या कुंड्यांकडं कुणी पाहिलं नाही. सगळे आबांच्या बांधावर दोन तास फोटो काढत बसले, आणि जाताना फड्याचे चार तुकडे पिशवीत घालून घेऊन गेले. पुण्याला, रेल्वेनं.

तर अंगणात अशी झाडं लावणाऱ्यांसाठी माझा अनुभवाचा सल्ला एवढाच. मुरूम घाला, उन्हाची सवय हळूहळू लावा आणि कुंडीला पाणी घालावंसं वाटलं तर तांब्या भरून घ्या, ओट्यावर बसा आणि स्वतः प्या.